टाकलेलं औषध

सकाळी थोरल्याने पाळलेल्या कोळंब्यांच्या काचेच्या टाकीवरचा दिवा लावला आणि त्याच्या हातातला चहाचा कप तिरका झाला.

तळाच्या वाळूवर कोळंब्या पडल्या होत्या. काल संध्याकाळपर्यंत निळ्याशार, काचेतून आरपार दिसणाऱ्या. आता उकडल्यासारख्या पांढुरक्या. काही पाठीवर होत्या आणि त्यांचे पाय अजून हलत होते. पोहायला हलतात तसे नाही. काचेवरच्या गोगलगायी मात्र मजेत फिरत होत्या.

थोरल्याने कुणाला हाक मारली नाही. बराच वेळ खोलीचं दार आतून बंद राहिलं. तो बाहेर आला तो धाकट्या भावाच्या बायकोवर बोट रोखूनच.

"हिने मारल्या."

नाश्ता व्हायच्या आत त्याने तिच्या वडिलांना फोन लावला. तुमची मुलगी घेऊन जा, म्हणाला. वडील संध्याकाळच्या गाडीने येतो म्हणाले. एका म्हाताऱ्या माणसाला असा फोन करायला जीभ कशी उचलते, ते उचलणाऱ्यालाच ठाऊक.

धाकटा मागच्या अंगणात गेला आणि त्याने हळू आवाजात मावशीला फोन केला.

"मावशी, येतेस का? हिला घालवतायत."

"कोण घालवतंय?"

"दादा."

"आणि तू काय करतोयस? टाळ्या वाजवतोयस?"

मावशीने फोन आपटला आणि चपला पायात सरकवल्या.

ही त्यांच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर दोघांना हिनेच दटावून वाढवलं. सगळा जन्म बायकांच्या तुरुंगात गेला तिचा, पण चाव्यांच्या बाजूने. खोटं बोलणारं माणूस आधी कुठे बघतं, हे ती झोपेतही सांगेल.

ती आली, कुणाशी बोलली नाही, सरळ टाक्यांच्या खोलीत गेली.

मोठी टाकी काचेच्या झाकणाखाली. तिच्यात मरण. शेजारी एक छोटी टाकी, झाकण नसलेली, तिच्यातल्या कोळंब्या दगडावर बसून शेवाळ खुडत होत्या. जणू शेजारी काही झालंच नाही.

मावशी वाकली. मोठ्या टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात वाळू उकरल्यासारखी होती, खड्डे ताजे. टाकीत हिरवं म्हणून फक्त जुनं शेवाळ, लाकडाला चिकटलेलं. पण फिल्टरच्या जाळीत एक काडी अडकली होती. लांबट, तांबूस पानांची. तिने ती चिमट्याने काढली आणि रिकाम्या बाटलीत टाकली.

तेवढ्यात टाकीखालच्या फळीतून एक झुरळ मिशा हलवत निघालं आणि तिच्या पायावरून गेलं.

"जा बाबा," मावशी म्हणाली. "तू जिवंत आहेस हे बरं झालं."

मग तिने एकेकाला समोर बसवलं. आधी थोरल्याची बायको.

"तू काय ऐकलंस? तुला वाटलं ते नको. ऐकलं ते."

"काल दुपारी ही बहिणीशी फोनवर बोलत होती. म्हणाली, झुरळांचं सगळं औषध मी टाकलं. माझ्या या कानांनी ऐकलं, मावशी."

"कशाला करेल ती असं?"

"तिला ती खोली हवी आहे. बाळ होणार, जागा नाही, टाक्या हलवा. रोज तेच तुणतुणं."

"आणि सकाळी काय झालं?"

"हे इतके खचलेत हो. काय करतात, कुठे जातात, शुद्ध नाही. घरातली कचऱ्याची बादलीसुद्धा स्वतः जाऊन गाडीत ओतून आले."

"अगबाई! लग्नानंतर पहिल्यांदाच?"

थोरली लाजली. तिला ते कौतुक वाटलं.

मग थोरला.

"टाकीत नवं काही गेलं होतं का रे?"

"माझ्या टाकीत? अख्ख्या गावाला मी शिकवतो, मावशी. नवं झाड आणलं की आधी वेगळ्या बादलीत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, तिथे एखादी कोळंबी सोडून बघायची, मगच टाकीत लावायचं. आमच्या हिने एकदा नुसतं तुळतुळीत पान दिसलं म्हणून बुडवलं, तर केवढा बोललो होतो मी."

"ते कळलं. नवं काही गेलं होतं का?"

"सांगितलं ना, माझा नियम आहे."

मावशीने मान हलवली. तो खिडकीकडे बघत होता.

"आणि उद्या तुझ्याकडे कोण येणार होतं म्हणे?"

"टाकीवाले मित्र. लांबून येणार होते, या निळ्या कोळंब्या बघायला. कोळंब्यांच्या पाच पिढ्यांतून निवडून काढलेला रंग होता तो." ते दुःख खरं होतं, आणि मावशीला तेवढं ओळखता येत होतं.

धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. डोळे कोरडे. रडणाऱ्या बायका मावशीने पोत्याने पाहिल्या होत्या. न रडणारी असली की ती जास्त जपून बोलायची.

"औषध टाकलंस?"

"टाकलं. कोळंब्यांसाठीच टाकलं. सकाळी भाऊजींना हेच सांगितलं, तर ते ओरडले, ऐकलंत, स्वतःच्या तोंडाने कबूल करतेय! मग मी तोंड मिटलं."

"टाकलं म्हणजे काय केलंस?"

"फेकून दिलं, मावशी. पावडर उडून टाकीत गेली तर मरतील म्हणून. घरात झुरळं फिरली तर फिरू देत म्हटलं."

"हे नवऱ्याला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं कुठे?"

मावशीने बाहेर उभ्या असलेल्या धाकट्याकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला.

मग ती कोपऱ्यावरच्या रोपवाल्याकडे गेली. दुकानात काचेच्या हौदांत झाडं डुलत होती. एकाही पानाला भोक नाही. एखाद्या चित्रातली असावीत तशी.

"एवढी गोंडस कशी रे ठेवतोस?"

"औषध मारतो, आजी. कीड पानाला तोंड लावत नाही."

"गोगलगाय मरते त्याने?"

"छे. तिला काही होत नाही."

"गिऱ्हाईकाला सांगतोस?"

"प्रत्येकाला. बिनधास्त न्या, औषध मारलेलं आहे."

"बिनधास्त," मावशी म्हणाली. मग तिने त्याच्या कानाशी आणखी एक प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून परत फिरली.

घराच्या मागे रंगाचा जुना डबा होता, पाण्याने भरलेला. त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मावशीने दोन पेल्यांत त्या पाण्यासकट घेतल्या. एकात टाकीतलं जुनं शेवाळ सोडलं. दुसऱ्यात बाटलीतली काडी. पेले जेवणाच्या टेबलावर मांडले आणि म्हणाली, "इथून कुणी उठायचं नाही."

दुपार कलली. घरात फक्त हवेच्या पंपाची घरघर. पहिल्या पेल्यात अळ्या खालीवर नाचत होत्या. दुसऱ्यात त्या आधी गोल गोल फिरल्या, मग आखडल्या, मग एकेक करून तळाशी बसल्या. थोरलीने तोंडाला पदर लावला.

"बघा नीट," मावशी म्हणाली. "हे काल रात्री त्या टाकीत झालं."

"पण हिने औषध..." थोरलीने सुरुवात केली.

"हिने औषध फेकलं. तू ऐकलंस, घातलं. पावडर उडाली असती तर आधी उघड्या टाकीत पडली असती. तिथल्या कोळंब्या चरतायत. बरं, मुद्दाम मोठीत ओतली म्हणशील, तर थोडी खाली सांडलीच असती, आणि टाकीखालून सकाळी जे झुरळ माझ्या पायावरून गेलं ते मला चांगलं धडधाकट दिसलं. या घरात झुरळांचं औषध पडलेलंच नाही."

"मग काडी?" धाकट्याने विचारलं.

"काडी नव्या झाडाची. वाळूत खड्डे आहेत, झाडं नाहीत. कुणीतरी लावली आणि कुणीतरी उपटली. किडीचं औषध होतं पानांवर. गोगलगायीला ते लागत नाही, कोळंबी किड्यांच्याच गोतातली, ती तडफडून मरते. रोपवाल्याने सांगितलं होतं, औषध मारलेलं आहे. घेणाऱ्याला वाटलं, झाडावर उपचार झालेत, आता ती निरोगी. शहाण्या माणसाला वाटलं, बादलीची काय गरज."

ती थोरल्याकडे वळली.

"उद्या पाहुणे येणार. टाकी उघडीबोडकी दिसत होती. होय ना रे?"

थोरल्याने खिडकीकडे बघितलं नाही आता. त्याने टेबलाकडे बघितलं.

"रोपवाल्याने तुझंच वर्णन केलं. आणि ज्याने जन्मात घरातला कचरा उचलला नाही, तो आज दुःखाने बादली घेऊन धावला!"

"मावशी, मला वाटलं औषधाने धुतलेली आहेत..."

"कोळंब्या चुकून मेल्या. चूक कुणाच्याही हातून होते, मी त्यासाठी आले नाही. पण दार लावून झाडं तू उपटलीस. कचऱ्यात तू दडवलीस. हात पुसलेस आणि पोटुशीकडे बोट केलंस. त्यातलं चुकून काय झालं, सांग."

थोरली नवऱ्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

दाराची घंटा वाजली.

धाकटा उठू लागला. मावशीने त्याला हाताने खाली बसवलं. "फोन ज्याने केला, दार तोच उघडेल."

थोरला गेला. दारात धाकटीचे वडील, प्रवासाने मळलेले, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्यांनी हात जोडले.

"चुकलं असेल पोरीचं, तर पदरात घ्या. काय केलं हिने?"

थोरला उंबऱ्यावरून बाजूला झाला. "हिने नाही. मी. तुमच्याशी खोटं बोललो."

म्हाताऱ्याचे जोडलेले हात तसेच राहिले. ते खाली कसे आणायचे, हे त्यांना कळेना.

धाकटी पुढे आली, तिने ते हात आपल्या हातांनी सोडवले.

"बाबा, आत बसा, पाणी प्या. मग आपण निघू."

"अगं, पण आता तर सगळं..." धाकटा उभा राहिला.

"सकाळी मला घालवत होते ते तुमचे दादा," ती म्हणाली. "आता मी जातेय. यायचं असेल तर मला घ्यायला या, पण येताना एक प्रश्न विचारायला शिकून या."

मावशीने दोन्ही पेले उचलले आणि मोरीत ओतायला गेली. तिने धाकट्याची बाजू घेतली नाही.