म्याऊ करणारा गबरू

कुत्रा म्याऊ का करतो?

२०६४ सालच्या मे महिन्यात, गुहागरजवळच्या एका फणसाखाली हा प्रश्न अतिशय गंभीर झाला होता. झाडावर एकच कापा फणस उरला होता. बाकीचे अकरा फणस वानरांनी नेले होते.

राखणीला होता गबरू. दहा वर्षांच्या शाल्मलीने बनवलेला यंत्रकुत्रा. वानरं आली की ती बटण दाबायची, गबरू दर वेळी नव्याने जन्माला यायचा आणि पहिली आरोळी ठोकायचा, "म्याऊ!" पुढे तो दिवसभर व्यवस्थित भुंकायचा, पण तोवर फणस गेलेला असायचा. काल तर एका वानराने त्याला थोपटलं.

"आबा, मी आवाज बदललाय हो! हे बघा, 'भू भू' लिहिलंय!"

शास्त्रज्ञ आबांनी चष्मा पुसला. "कशापासून बनवलास हा?"

"तुमच्या यंत्रमांजरापासून. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत. चार पाय, शेपूट, सगळं आयतं मिळालं."

"म्हणजे कुत्रा मांजराचा वारस. चालतं तिथे. आता जन्म कसा होतो बघ. आधी मांजराचा कन्स्ट्रक्टर (जन्मताना आपोआप चालणाऱ्या सूचना) चालतो. त्यात मी लिहिलंय, 'ओरड'. मग ओरडताना गबरू खिशातली चिठ्ठी वाचतो. चिठ्ठी म्हणजे आवाज हा गुणधर्म (वस्तूजवळ ठेवलेली माहिती)."

"पण चिठ्ठी तर मी बदलली!"

"तुझी चिठ्ठी मांजराचा कन्स्ट्रक्टर संपल्यावर खिशात पडते. ओरडायच्या वेळी खिशात..."

"म्याऊच!" शाल्मलीने टुणकन उडी मारली. "मग ओरडणंच बदलू?"

"शाब्बास! ओरडणं ही मेथड (वस्तूने करायची कृती). ती खिशात नसते, ज्या साच्यातून (क्लासमधून) वस्तू घडते त्या साच्यातच असते, जन्माच्या आधीपासून. आणि शोधताना आधी वारसाच्या साच्यात बघतात."

तेवढ्यात कौलांवर धप्प!

"आली गं आली! लिही लवकर!" आबांचा आवाज चिरकला. कापा गरा त्यांचा जीव की प्राण होता.

शाल्मलीने गबरूच्या साच्यात नवं 'ओरड' लिहिलं. चिठ्ठी वाचायची नाही, सरळ भू भू करायचं. वानराचा हात फणसाला लागला. तिने बटण दाबलं.

"भू भू!"

वानरं दाही दिशांना उधळली. कालचं थोपटणारं तेवढं वळून बघत होतं. त्याच्या चेहऱ्यावर विश्वासघात स्पष्ट दिसत होता.

चार दिवसांनी फणस पिकला.

"आबा, रानडुकरं पण येतात ना? गबरूपासून हत्ती काढू?"

"काढ की," तोंडात गरा ठेवून आबा म्हणाले. "फक्त ओरडणं विसरू नकोस. नाहीतर हत्ती भुंकेल."

शाल्मलीने नवा साचा उघडला आणि सोंडेच्या आधी ओरडणं लिहिलं.