शेवंतीची झूल

"टॉवेल चार, आयोडीन, शेपटीला गुंडाळायची पट्टी, साबण, हातमोजे." भाविका यादीवर खुणा करत होती. "नवीन, बादली?"

"झाकणासकट घासून ठेवलीय," नवीन म्हणाला.

ही चुलत भावंडं मे महिन्याच्या सुट्टीत शिंदखेड्याला आजोबांकडे आली होती. गिरधरआबांची शेवंती घोडी गाभण होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावला जाताना आबांनी तयारीची यादी भाविकाच्या हाती दिली होती.

"एवढी घाई कशाला?" लीलाधरकाका तबेल्यात डोकावले. "अजून पंधरा दिवस आहेत तिला. आज बेटावदला वरात आहे. चारला शेवंतीला न्यायला टेम्पो येईल."

काका गेले. भाविका पेंढा पसरायला वाकली आणि थबकली. शेवंतीच्या सडांवर मेणासारखे पिवळे थेंब साकळले होते. काल ते नव्हते. घोडी चारा सोडून सारखी आपल्या कुशीकडे वळून बघत होती.

भाविकाने फोटो काढून जनावरांच्या डॉक्टर सुलक्षणाताईंना पाठवला. लगेच फोन आला. "दिवस मोजण्यात चूक होते, मेण चुकत नाही. आज-उद्यात विणार ती. तिला हलवू नका. मी निघते, तासभर लागेल."

भाविकाने सांगितलं तेव्हा काका हसले. "फोटोवरून काय कळतं? दोन तासांचं तर काम."

साडेतीन वाजले होते. वाद घालून काका ऐकणाऱ्यातले नव्हते. भाविकाची नजर खुंटीवरच्या जरीच्या झुलीवर गेली. ती पाठीवर घातल्याशिवाय शेवंती वरातीला निघत नसे.

चारला टेम्पो दारात उभा राहिला. "झूल कुठाय?" काकांनी विचारलं.

"धुवायला टाकली."

अंगणातल्या टपात, साबणाच्या पाण्यात झूल गटांगळ्या खात होती.

"वरातीत मळकी बरी दिसली नसती," नवीन गंभीरपणे म्हणाला.

काका लाल झाले. त्यांनी तोंड उघडलं, तोच शेवंती खाली बसली आणि पेंढ्यावर पाण्याचा लोट आला.

"अरे देवा. आता काय करायचं?"

"हात धुवा, काका. आणि तिच्याजवळ बोलू नका."

भाविकाने शेपटीला पट्टी गुंडाळली. आधी दोन इवले खूर आले, मग त्यांवर टेकलेलं नाक. वीस मिनिटांत शिंगरू पेंढ्यावर घसरलं. त्याच्या नाकावर पातळ पडदा चिकटला होता. भाविकाने तो टॉवेलने पुसून काढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग शिंगरू शिंकलं.

सुलक्षणाताई आल्या तेव्हा नवीन बेंबीला लावायचं आयोडीन हातात धरून उभा होता. "अशी तयारी मी मोठमोठ्या पागांमध्येही पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "टेम्पोत हे झालं असतं, तर दोघंही हाती लागली नसती."

काकांनी टेम्पो परत पाठवला. त्यांनी बेटावदला फोन करून माफी मागितली, मग आबांना लावला.

"बठ्ठं बेस शे ना?" सगळं ठीक आहे ना, हे आबांनी अहिराणीत विचारलं.

"बेस शे, आबा. पोरांनी वाचवलं. मी तर तिला घेऊन निघालो होतो."

"भाविकाला सांग," आबा म्हणाले, "मी असतो तरी याहून जास्त काही केलं नसतं."

लटपटत्या पायांवर शिंगरू तीनदा पडलं, चौथ्यांदा उभं राहिलं आणि दूध शोधू लागलं. काका उंबऱ्यावर भाविकाच्या शेजारी येऊन बसले.

"उद्या काय काय आणायचं," ते हळूच म्हणाले, "तेवढं लिहून दे मला."