पाच नंबरचा कागद

वात जरा खाली कर रे. तेल उगाच जळतंय. आणि ज्याला घरी जायचं असेल त्यानं आत्ताच उठावं. मागल्या खेपेला गोष्ट संपल्यावर ह्या गोरक्षनाथाला अंगण ओलांडवेना. त्याला घरापर्यंत पोचवायला मी गेलो, माझे गुडघे ठणकत असताना. आज कुणाला पोचवणार नाही, आधीच सांगतो.

ही भुताची गोष्ट आहे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सव्वीस वर्षं मिरजगावात टपाल वाटलं. हातात कागद देताना माणसाचं तोंड बघायची सवय आहे मला. अलीम फोटोवाल्यानं हे सगळं मला सांगितलं तेव्हाही मी त्याचं तोंड बघत होतो. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली, तरी त्यानं कपाला हात लावला नाही. तो माणूस खोटं बोलत नव्हता.

साल चव्वेचाळीस. मोठी लढाई चालू होती. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, गुरुवार, चौदा डिसेंबर. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या दिवशी सकाळी अलीम नगरहून मिरजगावला निघाला, तो एक राहिलेलं काम पुरं करायला. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत माडीवर त्याचं फोटोचं दुकान होतं. वय तिशीच्या आसपास, बोलायला मऊ आणि शब्दाला पक्का. दुकानात भागीदार होता सहादेव. दोघं एकाच गल्लीत वाढलेले. अलीमची आई बिबीजान लहानपणी दोघांना एका ताटात वाढायची, आणि कॅमेरा घ्यायची वेळ आली तेव्हा तिनंच हातातल्या बांगड्या उतरवून दिल्या होत्या.

तो कॅमेरा आपल्या जत्रेतल्या डब्यासारखा नव्हता. त्याला दोन डोळे, एकावर एक. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या काचेत बघायचं, विहिरीत बघतो तसं. वरचा डोळा नुसता दाखवायचा, फोटो घ्यायचा तो खालचा. काचेत माणूस उभा दिसायचा, पण डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. अलीमला त्याची इतकी सवय की त्याला ते उलटं वाटायचंच नाही.

आत फिल्मची गुंडाळी. फिल्मच्या पाठीला काळा कागद, त्यावर पांढरे आकडे, एक ते बारा. कॅमेऱ्याच्या मागं लाल काचेची बारीक खिडकी असायची. चावी फिरवली की तिथं पुढचा आकडा यायचा. बारा आकडे, बारा फोटो. फिल्म धुतली की कागदाचं काम संपलं, तो टाकून द्यायचा.

वाटणी अशी होती की फोटो काढायचे अलीमनं; गुंडाळी भरणं, फिल्म धुणं, छापणं सगळं सहादेवचं. पाच वर्षांत अलीमनं एकदाही कॅमेऱ्याची पाठ उघडून बघितली नव्हती. लढाईत फिल्म मिळेनाशी झाली, बाकीची दुकानं बसली, पण सहादेव कुठून ना कुठून आणायचाच. अलीम दहा जणांत त्याचं कौतुक सांगायचा.

आता राहिलेलं काम कोणतं, तर आपल्या मैलभरावरच्या वस्तीवरची भागूबाई. तिचा छगन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता. तो गेला तेव्हा सून पुष्पावती पोटुशी होती. मुलगा झाला, आठ महिन्यांचा झाला, पण बापानं तोंड बघितलं नव्हतं. त्याचं पत्र मीच नेऊन दिलं होतं आणि वाचूनही दाखवलं होतं. दुसरं काही नको, पोराचा एक फोटो पाठवा, एवढंच लिहिलं होतं.

दिवाळी झाल्यावर अलीम बाजाराला आला होता, तेव्हा पुष्पावतीनं त्याला बोलावून घेतलं. भागूबाई आडवी आली. फोटो काढला की माणसाचं आयुष्य घटतं, असं तिनं ऐकलेलं. अलीमनं कॅमेरा सरळ तिच्या मांडीवर ठेवला. मावशी, हे नुसतं बघतं, कुणाचं काही घेत नाही, असं तिला समजावलं. मग पुष्पावती हिरवं लुगडं नेसून ओट्यावर बसली, लेकराला डाव्या मांडीवर घेतलं. फोटो झाल्यावर तिनं विचारलं, "भाऊ, नक्की यील न्हवं?"

"आठ दिवसांत स्वतः आणून देतो. अम्मीची शपथ."

नगरला गेल्यावर सहादेव म्हणाला, गुंडाळी उन्हानं गेली, एकही फोटो आला नाही. अलीमनं फिल्म बघायला मागितली, तर म्हणाला, फेकून दिली. अलीमनं मानलं. न मानायचं कारणच नव्हतं. पण त्या बाईला काय तोंड दाखवायचं? आज जातो, उद्या जातो करत महिना गेला. ही त्याची चूक, आणि ती तो शेवटपर्यंत कबूल करायचा. अखेर सहादेवनं नवी गुंडाळी भरून दिली आणि हा निघाला.

तेव्हाच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतरून ढकलायची. अलीम मिरजगावात पोचला तेव्हा दुपार टळून गेली होती. त्यात पेठेतल्या दोन घरांनी त्याला धरून ठेवलं, तिथं चार फोटो काढले. चावी फिरवताना ती जरा हलकी जातेय असं त्याला वाटलं. पण लाल खिडकीत आकडे बरोबर येत होते. पाच आकडा लावून तो वस्तीकडं निघाला.

थंडीचे दिवस, सूर्य सहाच्या आतच गेला. वस्ती दिसायला लागली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. फोटो आज काही होत नाही, मुक्काम करावा आणि सकाळी काढावा, असं त्यानं मनाशी ठरवलं. अंधार पडला होता. कुत्रंही भुंकलं नाही.

पुष्पावती ओट्यावर बसलेली होती.

हिरवं लुगडं. डाव्या मांडीवर लेकरू. शेजारी कंदील, त्याची वात बारीक केलेली. जणू सकाळपासून त्याचीच वाट बघत असावी. अलीमला फार लाज वाटली. मागचा फोटो बिघडला, माफ कर ताई, असं तो म्हणाला. उद्या उजाडताच काढतो, आत्ता उजेड पुरायचा नाही, असंही तो म्हणाला.

"पुरतोय," ती म्हणाली. "काढा."

आता तिला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? त्यानं अंगणातल्या गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर कॅमेरा टेकवला. झाकण उघडलं. मान खाली घातली.

काच लख्ख होती.

भर दुपारी दिसावी तशी. लुगड्याचा काठ दिसत होता. लेकराच्या मनगटातले काळे मणी दिसत होते. कंदिलाच्या उजेडात हे कसं दिसतंय... त्यानं मान वर केली. वर अंधार. अंधारात ती. परत खाली बघितलं. काहीतरी चुकत होतं. काय, ते त्याला कळेना. मग कळलं.

लेकरू डाव्या मांडीवर होतं. काचेतही डाव्याच मांडीवर होतं.

त्यानं कॅमेरा जरा उजवीकडं सरकवला. चित्र उलट पळायला हवं होतं. पळालं नाही...



"भाऊ," आवाज ओट्यावरून आला की काचेतून, ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. "आत काय हाय?"

"फिल्म आहे, ताई."

"बघितली का तुमी?"

अलीमचा हात कॅमेऱ्याच्या पाठीवर गेला.

"मागल्या खेपेला बी न्हवती."

लेकरू हललंसुद्धा नाही. आठ महिन्यांचं लेकरू... इतका वेळ... हलत नाही.

"तुमी शपथ घेतली हुती," ती म्हणाली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं, असं अलीम म्हणायचा. "काढा आता. त्यांना बघायचंय."

त्यानं खटका दाबून धरला. दहापर्यंत मोजलं. सोडला. काचेत अंधार झाला. मान वर केली.

ओटा रिकामा. कंदील नाही. कुणी नाही...

ओट्यामागं दाराची कडी वाजली. भागूबाई हातात रॉकेलची चिमणी घेऊन दारात उभी होती. कुणाशी बोलताय, असं तिनं विचारलं. अलीमनं नुसता ओट्याकडं हात केला. म्हातारी ओट्याकडं बघत राहिली. मग तिनं त्याला आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं.

तापाची साथ आली होती. बारा दिवस झाले. सकाळी लेकरू गेलं, दिवे लागायच्या वेळेला सून. छगनला अजून कळवलं नव्हतं.

"काय लिवू त्याला?" भागूबाई म्हणाली. "म्हनलं, फोटो यिऊ दे. येकदा लेकराचं तोंड तरी बघंल, मग बाकीचं लिवू. त्या दिसाचा फोटो आनलाय न्हवं?"

अलीमच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. बघितली का तुमी?

त्यानं भागूबाईकडं वाकळ मागितली. कणगीच्या खोलीत जाऊन दार लावलं, अंगावर वाकळ घेतली, काळोख केला आणि पाच वर्षांत पहिल्यांदा कॅमेऱ्याची पाठ उघडली. फिल्मला हात लावला की कळतं, गुळगुळीत, बोटाला जराशी चिकटणारी. त्याच्या बोटांना कागद लागला. उलगडत गेला. कागद. आणखी कागद. शेवटपर्यंत नुसता कागद.

मग त्याला सगळं उमगलं. धुतलेल्या गुंडाळ्यांचे जुने काळे कागद सहादेव टाकत नव्हता. ते परत गुंडाळून, डिंकाची पट्टी लावून कॅमेऱ्यात भरत होता. खिडकीत आकडे दिसायचे, अलीमला काही कळायचं नाही. खऱ्या गुंडाळ्या छावणीतल्या गोऱ्यांना विकल्या जात होत्या. अशा किती वस्त्यांवर तो शपथा घेऊन आला होता, किती जणांना त्यानं उन्हाचं कारण सांगितलं होतं. वाकळीखाली बसून तो लहान पोरासारखा रडला. परक्यानं केलं असतं तर त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या आणि विसरला असता. पण एका ताटात जेवलेल्या माणसानं केसानं गळा कापला होता, आणि त्याच्याच हातून दुसऱ्यांचाही कापवला होता.

आता अंधाराची गरज उरली नव्हती. त्यानं चिमणी आत मागून घेतली.

कागदाचे दोन तुकडे होते. एकावर एक, दोन, तीन, चार. दुसऱ्यावर सहापासून बारा. मधला पाचाचा चौकोन नव्हता. सुरीनं कापावा तसा सरळ गेलेला. त्यानं कॅमेरा झाडून बघितला, वाकळ झटकली, जमीन चाचपली.

मिळाला नाही.

सकाळी त्यानं भागूबाईला खरं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढं भाकरी ठेवली, आणि तेच त्याला जास्त लागलं. मग तिच्या सांगण्यावरून त्यानं छगनला पत्र लिहिलं, दोघांच्या जाण्याचं. ते माझ्या हातात दिलं आणि नगर गाठलं. कागदाचे तुकडे सहादेवपुढं टाकले. सहादेव आधी हसला, मग चिडला. एका बाईच्या फोटोवाचून काय अडलं होतं, असं त्यानं विचारलं. अलीम म्हणाला, "अम्मीला मी हे सांगणार नाही. ती अजून तुझं ताट वाढते." एवढंच. कॅमेरा उचलून खाली उतरला, तो परत त्या माडीवर चढला नाही. पुढं त्यानं मिरजगावच्या पेठेतच दुकान मांडलं. गुंडाळी स्वतः भरायचा. दर बाजारी भागूबाईकडं जायचा, तिची पत्रं वाचायचा.

जानेवारीच्या शेवटाला छगनचं पत्र आलं. मीच घेऊन गेलो. अलीम तिथंच होता. त्यानं फोडलं, वाचायला लागला आणि मधेच थांबला. मी त्याच्या हातून घेऊन पुढं वाचलं. फोटो पोचला. पोरगं माझ्यावरच गेलंय. तिला सांगा, हिरवं लुगडं खुलून दिसतंय.

वर तारीख होती पंधरा डिसेंबर.

मिरजगावची टपालपेटी मी उघडायचो. त्या वस्तीवरून फोटो गेला नाही. आणि तिकडं पत्र पोचायला महिना लागायचा... एका रात्रीत नाही.

छगन सेहेचाळीसला सुटून आला. रडणं-भेटणं झालं. चौथ्या दिवशी अलीमनं धीर करून फोटोचं विचारलं. मी शेजारी बसलो होतो. छगननं खाकी सदऱ्याच्या खिशातून जपून ठेवलेली घडी काढली, उलगडली आणि आमच्यापुढं धरली. बघा, म्हणाला, डाव्या मांडीवर कसं बसलंय.

काळा कागद होता. चौकोनी. अलीमनं तो पालथा केला. मागं पांढऱ्या आकड्यात पाच. त्यानं आपले दोन तुकडे जपून ठेवले होते. दोन्ही बाजूंनी कडा जुळल्या.

आम्ही दोघं बघत राहिलो. उजेडात धरला, तिरका धरला. काळा कागद... बाकी काही नाही. अलीमनं त्याची नीट घडी घातली आणि छगनला परत दिली.

तो कागद अजून त्याच्याकडं आहे. मागितला तर दाखवतो. आता एका जागी घासून गुळगुळीत झालाय, रुपयाएवढा. छगन म्हणतो, ती लेकराच्या डोक्याची जागा आहे, रोज रात्री तिथं हात फिरवतो म्हणून.