मिठाच्या रिंगणाबाहेर

२००७च्या मे महिन्यात, एका शुक्रवारी सकाळी, माझे सासरे आण्णा आमच्या बदलापूरच्या घरातून चप्पल न घालता बाहेर पडले. दोन वर्षांपासून त्यांना विसर पडायला लागला होता. रविवार दुपारपर्यंत मी आणि माझा नवरा प्रमोद यांनी पोलीस ठाणं, उल्हासनगरचे दवाखाने, अंबरनाथच्या शिवमंदिराचा परिसर, सगळं पालथं घातलं होतं.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आमच्या घरात भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा आहेत. अंगारे-गंडे उंबरा ओलांडत नाहीत. तरी खालच्या मजल्यावरची मनाली म्हणाली, "किर्तीताई, नुसतं येऊन बसा. काही मानू नका," आणि मी गेले. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मनाली कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि हसत स्वतःला 'विच', म्हणजे चेटकीण, म्हणवून घ्यायची. सगळं नेटवर वाचून शिकलेली. त्या दुपारी तिच्याकडे रेकी करणाऱ्या शालनताई होत्या आणि जवळच्या खरवई गावच्या म्हाताऱ्या चांगुणाबाई. चांगुणाबाईंना ऐन तारुण्यात गावाने भुताळीण ठरवून घराबाहेर काढलं होतं. मनाली त्यांना गुरू मानायची.

"मना नको गुरू म्हनू," त्या म्हणाल्या. "मी नुसता झाडपाला वळखते."

मनालीने खडेमिठाचं रिंगण घातलं. मध्ये आण्णांचा सदरा ठेवला. तिघी आत बसल्या, मी दाराजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर. मेणबत्ती विझू नये म्हणून पंखा बंद. मनाली इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होती. घामाचा आणि मेणाचा वास कोंडला होता. मग त्यात ओल्या मातीचा वास मिसळला. बाहेर तर रणरणतं ऊन होतं.

माझा डोळा लागला असावा. घड्याळ पाहिलं तर पंचवीस मिनिटं गेली होती.

चांगुणाबाई उठत होत्या. "इटांची भट्टी," त्या म्हणाल्या. "आमच्या गावामागची. बंद हाय ती."

मी प्रमोदला फोन लावला.

आण्णा तिथेच होते. कामगारांच्या पडक्या खोलीत, भिंतीला टेकून. जिवंत! प्रमोद त्यांना मिठी मारून लहान मुलासारखा रडला. मी तिथेच मातीत बसले आणि हसत सुटले.

संध्याकाळी मीच त्यांचं रक्त तपासलं. मे महिन्यातले दोन दिवस पाण्यावाचून काढलेल्या म्हाताऱ्या माणसाचं रक्त असं नसतं. सगळं नॉर्मल. पुन्हा तपासलं. तेच.

मशीनला दोष देऊन मी पेढे आणले. चांगुणाबाईंनी एक उचलला. "गावला ना? मंग झालं."

घर पुन्हा घरासारखं झालं. आठवड्याने आण्णांना वाढताना मी सहज विचारलं, "आण्णा, तिथे पाणी कोण देत होतं हो?"

"बायका."

"कुठल्या बायका?"

"तिघी दारात उभ्या राहायच्या. आत तूच यायचीस."

"कधी?"

"रोज."

मी हसले. त्यांच्या पानात भात वाढला.

"पण पोरी," ते घास थांबवून म्हणाले, "मी इतक्या हाका मारल्या. तू बोलली का नाहीस?"

मी वरणाचं पातेलं पुढे ओढलं.

"आणि पाणी पाजताना डोळे का मिटून घ्यायचीस गं?"