मागचं पान

चारुलता रक्ताच्या नळ्यांचा ट्रे घेऊन लॅबमध्ये शिरली, तर तिच्या खुर्चीवर एक चष्मेवाला तरुण बसलेला. वर कूलरचं तोंडही त्याच्याकडेच.

"ही खुर्ची माझी आहे. आणि कूलरही."

"खुर्ची घ्या," तो गडबडून उठला. "कूलर मात्र याचा. गरम झालं की रुसते हे." टेबलावर कॉम्प्युटर होता. १९८७ चा मे महिना, आणि इस्पितळातला पहिलाच कॉम्प्युटर.

हा मुकुंद. मूळचा इथलाच, नागपूरच्या नंदनवनचा, आता मुंबईच्या कंपनीत. कोणता रिपोर्ट मशीननं आपणहून सोडायचा आणि कोणता माणसासाठी अडवायचा, याची नियमावली तो लिहिणार होता. सात वर्षं इथला प्रत्येक रिपोर्ट चारुलताच्या सहीनं बाहेर पडत होता. ती सहीच गेली, तर तिचं इथं उरणार काय?

"तुम्ही माझ्याकडे काहून बघून राहिले?" दुसऱ्याच दिवशी तिनं टोकलं.

"काम आहे माझं."

"माझ्याकडे बघायचं?"

"हो... म्हणजे — तुमच्या हाताकडे." त्याचे कान लाल झाले. तिनं रजिस्टरमागे हसू लपवलं.

चौथ्या आठवड्यात, जुन्या रजिस्टरमधले आकडे भरून झाल्यावर, मशीन सुरू झालं. त्या सोमवारी तोबा गर्दी. कुही गावच्या रुख्मिणीबाईंचं हिमोग्लोबिन साडेबारा आलं. अगदी नॉर्मल.

"जाऊ द्या रिपोर्ट," चारुलता म्हणाली. पण मशीन सोडेना. मागच्या सोमवारी सहा होतं, एवढा फरक कसा, पुन्हा तपासा, असं पडद्यावर उमटलं.

नळ्यांची अदलाबदल झाली होती. नव्यानं रक्त घेतलं, तर पावणेसहा. बाईंना तिनं लगेच वॉर्डात पाठवलं. तो नॉर्मलचा कागद घेऊन बाई एसटीनं घरी गेल्या असत्या... चारुलता थक्क होऊन पडद्याकडे बघत राहिली.

"हे याला कुणी शिकवलं?"

"तुम्ही." मुकुंद हळूच म्हणाला. "प्रत्येक सहीआधी तुम्ही रजिस्टरचं मागचं पान उलटता. जुना आकडा बघता, मगच पेन उघडता. मी फक्त तेवढं लिहून घेतलं."

सात वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, तिच्या स्वतःच्याही नाही. आज गर्दीत ती पान उलटायचं विसरली होती. कुणी आपल्याकडे इतकं नीट बघू शकतं?

शनिवारी त्यानं नियमावली तिच्यापुढे ठेवली. "उद्या मुंबईले चाललो. यावर तुमची सही पाहिजे. तुमच्या सहीशिवाय मशीनले एकही नियम कायमचा लागू होत नाही."

तिनं शेवटचं कलम वाचलं. 'नियम लिहिणाऱ्याने व तपासणाऱ्याने वर्षातून एकदा शेजारी बसून सर्व नियम पडताळावेत.'

तिनं पेन उघडलं. 'वर्षातून एकदा' खोडून वर लिहिलं — 'रोज'.

"रोज म्हणजे..." तो अडखळला. "मग मले नागपुरातच राहावं लागेल."

"म्हणूनच लिहिलं," ती म्हणाली, आणि खाली सही केली.