काचेच्या पेल्यातला पांढरा धागा

त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं गोड नव्हतं. भांडणाचंच होतं म्हणा ना!

इलुलाच्या नाक्यावर इरिंगाकडे जाणारी बस थांबली की आम्ही बायका डोक्यावर पाट्या घेऊन तिच्याकडे धावायचो. कुणाकडे कांदे, कुणाकडे लालबुंद टोमॅटो. माझ्या पाटीत मात्र टोमॅटोची रोपं असायची. वीतभर उंचीची, ओल्या केळीच्या सोपटात गुंडाळलेली. फेब्रुवारीतली दुपार होती. नुकतीच एक सर येऊन गेली होती आणि डांबरातून वाफा निघत होत्या. वरच्या गावातल्या एका बाईनं रोपं घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात बसमधून उतरलेला एक उंच, सडपातळ तरुण माझ्या पाटीवर वाकला.

"ही आजारी आहेत," तो म्हणाला.

बाईचा हात जागच्या जागी थांबला.

"तुम्ही डॉक्टर का?" मी विचारलं.

"नाही."

"मग माझ्या गिऱ्हाइकाला कशाला घाबरवता? दुपार आहे, रोपं माना टाकणारच. मीसुद्धा टाकीन थोड्या वेळानं."

"सोपट ओलं आहे, मुळाशी पाणी आहे," तो शांतपणे म्हणाला. "ऊन सगळ्यांना सारखंच लागतंय. मग या तिघांनीच का माना टाकल्या? पानं तर हिरवीगार आहेत…"

बाई निघून गेली. मी पाटी उचलली आणि त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर पुढच्याच बसनं परत गेला असता. तो मात्र त्या तीन रोपांकडेच बघत राहिला. कुणीतरी नातेवाईक आजारी असावं, तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात आत येऊ का विचारणारी हाक आली, "होडी?"

"या, या!" आई आतून म्हणाली. मी बाहेर आले, तर तोच! शेतीखात्यानं पाठवलेला आमचा नवा ब्वाना शांबा, म्हणजे शेतीसाहेब. नाव ल्वितिको म्वांबेने. दूरच्या टुकुयूचा, जिथं म्हणे वर्षभर पाऊस थांबत नाही.

"नाव काय तुमचं?" वही उघडत त्यानं विचारलं.

"सिकुजुआ."

"स्वतःचं नाव ठाऊक नाही?"

आई तोंडावर कांग्याचा पदर धरून हसायला लागली. माझ्या नावाचा अर्थच तो, 'मला ठाऊक नव्हतं'. मी पोटात आहे हे तिला पाच महिने कळलंच नव्हतं! हे ऐकून तो पहिल्यांदा हसला. पुढच्या दोन दातांत बारीकशी फट होती… मी चटकन दुसरीकडे पाहिलं.

आमची रोपं लुकोसी नदीकाठच्या वाफ्यांत वाढायची. ते वाफे बाबांनी घडवले होते. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, पण इलुलात अजून 'त्यांची रोपं' म्हणूनच ती ओळखली जायची. ल्वितिको दर बुधवारी यायचा. बुधवारी मी केस नीट विंचरायला लागले, हे आधी आईच्या लक्षात आलं. माझ्या नंतर.

"ही बघा," एकदा त्यानं कोलमडलेलं इवलंसं रोप उचललं. मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक झाला होता. "याला काय झालंय?"

"किडीनं कुरतडलं."

"किडीनं कुरतडलं असतं तर देठ सरळ कापला गेला असता. हा सडलाय. तुम्ही यांना दिवसातून किती वेळा पाणी घालता?"

"तीनदा."

"लाडानं बुडवताय पोरांना."

"मला कुणाचे लाड अर्धेमुर्धे करताच येत नाहीत," मी म्हणाले. आणि म्हटल्यावर काय बोलून गेले ते कळलं. तो वहीत काहीतरी लिहायला लागला. खूप वेळ लिहीत होता. नंतर आई म्हणाली, त्याच्या हातातल्या पेनाला टोपण तसंच होतं.

मी शिकत गेले. आक्रसून बोकडलेलं पान उलटं करून पांढरी माशी शोधायची. पिवळेपणा खालून चढतोय की वरून उतरतोय ते बघायचं. रोप उपटून मुळांवर गाठी आहेत का ते बोटांनी चाचपायचं. चाचपताना कधी त्याचं बोट माझ्या बोटाला लागायचं. दोघांच्याही नखांत माती…

मार्चच्या मध्यावर गावातले न्येंझा आजोबा काठी आपटत दारात आले. माझ्याकडून नेलेली त्यांची दोनशे रोपं आठवड्यात मान टाकून मेली होती. "पोरी, तुझ्या बापानं असं कधी दिलं नव्हतं," एवढंच म्हणाले आणि एक मेलेलं झाड उंबऱ्याशी ठेवून निघून गेले. नळावर बायका मला बघून गप्प व्हायला लागल्या.

मी ते झाड घेऊन ल्वितिकोच्या ओसरीवर गेले. त्यानं चहाचे दोन काचेचे पेले स्वच्छ पाण्यानं भरले. आजोबांच्या झाडाचा देठ कापून एकात टांगला. दुसऱ्यात माझ्या वाफ्यातल्या रोपाचा. रोग असेल तर देठातून पांढरं सुटतं, असं तो म्हणाला. मग आम्ही दोघं पेल्यांसमोर बसलो, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. पत्र्यावर पाऊस टपटपत होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

आधी आजोबांच्या पेल्यात देठाच्या टोकातून दुधासारखा एक बारीक धागा सुटला. हळूहळू, डुलत, तळाशी गेला. मी दुसऱ्या पेल्याकडे बघायचं टाळलं.

"सिकुजुआ," तो हळूच म्हणाला. "बघ."

तिथंही तोच धागा होता.

"औषध काय?" मी विचारलं.

"औषध नाही. हा रोग मातीत राहतो. रोपातून, पाण्यातून, खुरप्यावरच्या चिखलातूनसुद्धा पसरतो. या वाफ्यात आता बरीच वर्षं टोमॅटो नाही. वांगी, मिरची, बटाटा, काहीच नाही. मका लावा."

"बाबांचा वाफा आहे तो."

"माहीत आहे."

"तुम्ही खात्याला लिहू नका. कुणाला कळणार? मी हळूहळू बंद करीन… या हंगामापुरतं—"

"या हंगामात तुझी रोपं चाळीस शेतांत जातील."

"मग लिहा! मी तुमची कोण लागते?"

तो उठून ओसरीच्या कडेला गेला. पावसात हात धरून उभा राहिला. "कोण लागतेस ते मला नीट सांगता आलं असतं, तर आज हे इतकं जड गेलं नसतं," तो म्हणाला. मग वळून म्हणाला, "सोमवारी मला लिहावंच लागेल. पण त्याआधी गावाला तू सांगितलंस, तर ते तुझं सांगणं असेल."

मी रडत घरी आले. त्याच्या नावानं खूप बोटं मोडली. पण डोळे मिटले की तो पांढरा धागा चाळीस शेतांतून उतरताना दिसायचा.

रविवारी प्रार्थना संपल्यावर मी चर्चच्या पायरीवर उभी राहिले. "माझी रोपं आजारी आहेत," मी म्हणाले. "ज्यांनी नेलीत त्यांनी उपटून जाळा. उरलेली मी आजच जाळते. मला कळलं नाही, हे खरं. पण आता कळलंय."

मग न्येंझा आजोबांनी घसा खाकरला.

"वरच्या टेकडीवर माझं बांबूचं रान आहे," ते म्हणाले. "सगळं गाव माझी बांबूच्या रसाची उलांझी पितं, म्हणून ते रान सगळ्यांना माहीत. बांबूपलीकडे मोकळा तुकडा आहे. तिथं कधी टोमॅटो लागला नाही. चालेल का गं?"

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. गर्दीच्या मागे ल्वितिको उभा होता. त्यानं टोपी काढून हातात धरली होती, मोठ्या माणसांसमोर धरतात तशी.

टेकडीवरचे वाफे आम्ही दोघांनी घातले. खुरपी धुऊन, पाय धुऊन वर चढायचो. बांबूच्या कापलेल्या कोंबांतून उलांझी थेंब थेंब खालच्या नळकांड्यांत पडत असायची आणि आजोबा मुद्दाम लांब बसून आमच्याकडे पाठ करायचे. बी पेरलं. आणि नवव्या दिवशी, मातीतून हिरव्या माना वर आल्या त्याच दिवशी, त्याच्या बदलीचा कागद आला. टुकुयूला, परत.

नाक्यावर बस उभी होती. त्याच्या हातात पत्र्याची पेटी.

"माझ्याबरोबर ये," तो म्हणाला. एका दमात, जणू थांबला असता तर बोललाच नसता. "मी… मला रोज बुधवार हवा आहे."

मी क्षणभर त्याच्या पेटीची कडी धरली. पण मी म्हणाले, "रोपं आत्ताच उगवलीत. या वेळची धड निघाली, तरच लोक पुन्हा विश्वास ठेवतील. महिनाभर मी हलणार नाही."

"आणि मग?"

"मग येऊन विचार."

बस गेली. त्या महिन्यात मी रोज प्रत्येक रोपाचं पान उलटून पाहिलं. एकही मान पडली नाही. तीन पत्रं आली. तिन्हींत रोपांची चौकशी होती आणि खाली, अगदी खाली, माझी.

पंचविसाव्या दिवशी मी वाफ्यात वाकलेली असताना मागून आवाज आला, "होडी?"

मी वळले नाही. वळले असते तर त्याला माझे डोळे दिसले असते.

"महिना झालेला नाही अजून," मी म्हणाले.

"माहीत आहे," तो म्हणाला. "रोपं वेळेआधी तयार झाली असतील, असं वाटलं."

"झाली नाहीत."

"मग थांबतो." तो माझ्या शेजारी बसला आणि त्यानं मातीवर हात टेकले. "तुझे बाबा नाहीत, म्हणून तुझ्या मामांना मी खाली भेटून आलोय. ते म्हणाले, पोरीला विचार."

मी एका रोपाचं पान उलटं केलं. खाली काहीच नव्हतं. स्वच्छ, मऊ, हिरवं पान. मी तरी कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत राहिले.

"विचार की मग," मी म्हणाले.