तिने थांब म्हटलं नाही

एक्स-रे काढणारी ती दिवसभर हुकूमच सोडायची. सरळ राहा, हलू नका, श्वास रोखा. त्या दुपारी शिडीवरून पडलेला एक लिफ्ट-मेकॅनिक बरगडी धरून आला. "श्वास रोखा" म्हणून ती काचेमागे गेली, फोटो काढला, तेवढ्यात फोन वाजला... परत बघते तर गडी लालबुंद.

"अहो, सोडायचा ना श्वास."

"तुम्ही सांगितलं नव्हतंत—"

ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली. मग तो आणखी दोनदा आला, आणि दुसऱ्यांदा तर त्याची बरगडी दुखतही नव्हती.

अहोचं अरे झाल्यावर एकदा त्याने कान लाल करून मनातलं सांगितलं. दोघंच असताना तिने सांगावं आणि आपण ऐकावं, हे त्याला फार आवडणार होतं. ती एकदम मागे सरकली. काय नेसायचं, कुणाशी बोलायचं, हे आठ वर्षं नवरा ठरवायचा. घटस्फोट मिळाला तरी दारावरची बेल वाजली की ती अजून दचकायची.

"मला त्याच्यासारखं व्हायचं नाहीये," ती म्हणाली.

"त्याने तुला विचारलं होतं का? मी तर आपणहून मागतोय."

पंधरा दिवस चहावर चहा पीत दोघांनी काय चालेल, काय नाही ते ठरवलं. कुणीही 'पुरे' म्हटलं की सगळं तिथेच थांबणार होतं. आणि नवल म्हणजे, तिला ते आवडू लागलं. तो खालून वर बघायचा तेव्हा तिचा जीव विरघळायचा.

एका रविवारी तिने त्याला गुडघ्यांवर बसवलं, हात मागे, मी सांगेपर्यंत उठायचं नाही. त्याच्या केसांतून बोटं फिरवत ती त्याला चिडवत होती. मग बोटांना गार घाम लागला. तिने घाईने पँट वर सारली, तर गुडघा टम्म सुजलेला. शिडीवरून पडला तेव्हाच तो दुखावला होता आणि पठ्ठ्याने तिला पत्ता लागू दिला नव्हता.

"पुरे का नाही म्हणालास?"

"तू इतकी खूश होतीस... म्हटलं, सोसू थोडं."

 'सोसू थोडं' हेच वाक्य तिने आठ वर्षं आईला फोनवर ऐकवलं होतं.

"तुला नाही म्हणता येत नसेल, तर तुझ्या होकाराचं मी काय करू? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

तो कळवळून माफी मागू लागला. तू म्हणशील ते करतो, म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. आज ती काहीच सांगणार नव्हती, त्यालाच काय हवंय ते त्याने बोलायचं होतं.

तिने आणून दिलेला बर्फ त्याने गुडघ्यावर धरला.

"मला घरी जायचंय," तो शेवटी म्हणाला. "तू आवडतेस मला... फार आवडतेस. पण आज नाही थांबायचं मला."

'थांब' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला. तेवढं म्हटलं असतं तर तो थांबला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिने दार उघडून दिलं.

तो लंगडत जिना उतरला. तिथेच पायरीवर बसून ती पोटभर रडली. तो परत येईल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. पण आलाच, तर तो स्वतःच्या मनाने आलेला असेल.